तीन जानेवारीची मुलगी

‘हात ढिला सोडा, बाई. छडी धरल्यासारखा काय आवळलाय?’

काळोखेबाई हसल्या, पण हात काही ढिला पडेना. मुलींच्या शाळेच्या त्या मोठ्या बाई, त्याच वर्षी बदलून आमच्या गावात आलेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत कार्यक्रम होता म्हणून हिरव्या बांगड्या भरायला माझ्या दुकानात आल्या होत्या. मी कासारीण. उभा जन्म बायकांचे हात दाबण्यात गेला. कुणाचं नवऱ्याशी पटत नाही, कुणाची सून अर्धपोटी झोपते, हे मला हातावरूनच कळायचं, आणि कळलं की मी गप्प बसायची नाही. द्वारकाअक्काच्या तोंडाला लागू नये, असं पेठेत बायका एकमेकींना सांगायच्या. मला ते आवडायचं.

‘अक्का, तुमच्या हेमाचं नशीब उघडलं,’ बाई म्हणाल्या.

‘का? गणितात पास झाली?’

‘थट्टा नाही करत. उद्या साताऱ्याच्या इंगवलेबाई येतायत. ऐकलंय ना नाव?’

मी नव्हतं ऐकलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. इंगवलेबाई म्हणजे एक जुन्या शिक्षिका, लग्न न केलेल्या. त्यांचा जन्म तीन जानेवारीचा, सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीचा. त्यांचा नेम होता की दर वर्षी त्या दिवशी एका गावच्या शाळेत जायचं आणि त्याच तारखेला जन्मलेली सातवीतली एक मुलगी आपल्या घरी न्यायची. ठेवून घ्यायची, बारावीपर्यंत शिकवायची, आणि तिची इच्छा असेल तर त्याच्याही पुढे. त्या वर्षी आमच्या शाळेची पाळी आली होती.

‘मी रजिस्टर काढून पाहिलं,’ बाई म्हणाल्या. ‘सातवीत तीन जानेवारीची एकच मुलगी. हेमलता.’

माझ्या मागे कुमुद बसली होती. बांगड्यांचे डझन मोजून दोऱ्यात ओवायचं काम तिच्याकडे असायचं. दोरा ओढल्याचा बारीक आवाज येत होता, तो थांबला.

कुमुद माझ्या धाकट्या दिराची मुलगी. तिची आई वत्सला, माझी धाकटी जाऊ, कुमुद चार वर्षांची असताना काविळीनं गेली. दीर त्याच वर्षी कामाला म्हणून सुरतेला गेले आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसले. पोर माझ्या पदरात आली. हेमा आणि कुमुद एकाच पौषातल्या, एकाच वर्गातल्या. एकाच ताटलीत जेवल्या, एकाच कापडाचे फ्रॉक घातले. तसं बोट दाखवायला मी कुणाला जागा ठेवली नव्हती.

‘एक आहे मात्र,’ बाई पुढे म्हणाल्या. ‘इंगवलेबाई कागदावर विश्वास ठेवत नाहीत. शाळेच्या दाखल्यावर अर्धा गाव एक जूनचा, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. त्या आईला स्टेजवर बोलावतात आणि सगळ्यांसमोर म्हणतात, मुलगी जन्मली त्या दिवसाची गोष्ट सांगा. खरी गोष्ट असली की आपोआप कळते म्हणतात. तुम्हाला काय अवघड आहे? तुमचं तोंड तर…’

‘काय माझं तोंड?’

‘गोड आहे,’ बाई घाईनं म्हणाल्या आणि शेवटची बांगडी चढली.

उठता उठता त्यांनी कुमुदकडे पाहिलं. ‘खरं सांगू अक्का? ही असती ना, तर इंगवलेबाईंनी डोक्यावर घेऊन नाचवली असती. पहिला नंबर सोडत नाही पोर. पण हिचाही एक जून.’

‘ज्याचं त्याचं नशीब,’ मी म्हणाले.

एक जूनचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या वेळी जन्मतारीख कुठली आईबापांना पाठ असायची? पेरणीत झाला, जत्रेच्या आदल्या दिवशी झाली, एवढंच. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, आई डोकं खाजवायची, आणि गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. म्हणजे पोर जूनमध्ये बरोबर सहा वर्षांचं. मुलींच्या शाळेच्या फाटकाशी एक फळा होता. त्यावर रोजचं दिनविशेष लिहायचे. कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, आणि खाली शाळेतल्या कुणाचा वाढदिवस. एक जूनला शाळाच नसते, सुट्टी असते. त्यामुळे एक जूनवाल्यांची नावं त्या फळ्यावर कधी लागायची नाहीत.

हेमाचं नाव मात्र दर वर्षी लागायचं. थेट सावित्रीबाईंच्या नावाखाली.

बाई गेल्या आणि कुमुदनं विचारलं, ‘काकू, माझा एक जूनच का?’

‘दाखल्यावर आहे म्हणून.’

‘आई मला कडेवर घेऊन फाटकाशी उभी राहायची. मुलींची मिरवणूक निघायची, ढोल, लेझीम. आई म्हणायची, बघ, तुझ्या वाढदिवसाची वरात निघाली.’

‘चार वर्षांच्या पोरीला बरं आठवतं!’

‘तेवढंच आठवतं,’ कुमुद म्हणाली. ‘बाकी आईचा चेहरापण आठवत नाही.’

मी बांगड्यांचे खोके लावायला घेतले. जरा जोरातच लावले असतील.

‘काकू, सातवी झाली की मला दुकानात बसवणार ना?’

‘मग? माझी बोटं आखडत चाललीत, दिसत नाही? दुकानाला माणूस नको? हेमाला काडीची अक्कल नाही बांगडी भरायची, ती जाईल हायस्कुलात. तुझा हात हलका आहे.’

माझ्या लेखी ते तिचं कौतुक होतं. ती मान खाली घालून पुन्हा दोरा ओढायला लागली.

आता खरं काय ते सांगते, कारण नंतर सांगितलं तर मी लपवलं असं व्हायचं.

तीन जानेवारी ही कुमुदची तारीख. गावातल्या दवाखान्यात ती झाली तेव्हा वत्सलाजवळ मीच होते. हेमा झाली त्यानंतर, माझ्या माहेरी वस्तीवर, सुईणीच्या हातून. संक्रांत उलटून दुसऱ्या बाजाराच्या दिवशी, एवढंच मला ठाऊक. वत्सला सातवी शिकलेली. ती सगळं कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवायची, गॅस कधी लावला, पोरीला दात कधी आला. एकदा मला म्हणाली, ‘अक्का, हेमाची तारीख काढून देऊ का? दुसरा बाजार म्हणालात ना, कॅलेंडरवर लगेच सापडेल.’

मी म्हटलं, ‘माझी पोर कधी झाली हे मला तू सांगणार होय? तू काय माझ्या उशाशी होतीस?’

तिनं कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं. मी दुसरीतून शाळा सोडलेली आणि ती सातवी पास, हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, म्हणून तर मला ते सारखं ऐकू यायचं.

पुढे ती गेली. दोन वर्षांनी जूनमध्ये दोन्ही पोरींची नावं घालायला मी शाळेत गेले. बायकांची रांग. माझ्या पुढच्या सगळ्यांच्या पोरींना एक जून, एक जून, एक जून. गुरुजी मान वर न करता लिहीत होते. माझी पाळी आली.

‘नाव?’

‘हेमलता.’

‘जन्म?’

काय झालं कोण जाणे. मला दिसलं की आता माझ्या पोरीला एक जून मिळणार आणि मेलेल्या जावेच्या पोरीला तीन जानेवारी. माझ्या तोंडून गेलं, ‘तीन जानेवारी.’

गुरुजींनी मान वर केली. ‘अरे वा! सावित्रीबाईंच्या दिवशी!’ मागच्या बायका वाकून पाहायला लागल्या. ‘आणि ही दुसरी?’

‘ही दिराची. हिचं काही माहीत नाही.’

‘मग एक जून.’

एवढं सोपं होतं ते. सहा वर्षांची कुमुद माझा पदर धरून उभी होती.

काळोखेबाई बांगड्या भरून गेल्या त्या संध्याकाळी जेवताना ह्यांनी विचारलं, ‘उद्या काय सांगशील तिथं?’ ह्यांना सगळं माहीत होतं. माहीत असून मुका राहणारा माणूस. आमचा संसार त्यावरच चालला.

‘सांगायचं ते सांगेन.’

‘खरं सांगितलंस तर काय बिघडेल? हेमाला जायचंच नाहीये.’

‘मला नाहीच जायचं,’ हेमा म्हणाली. ‘मी रात्री कुणाजवळ झोपू तिथं?’

‘तू जेव गुमान. आणि तुम्ही, तुमचं काय बिघडणार? तोंड माझं आहे.’

‘तेच म्हणतोय,’ हे म्हणाले आणि हात धुवायला उठले. मोरीतूनच म्हणाले, ‘मी येणार नाही उद्या. मला ऐकवणार नाही ते.’

कुमुद भाकरी मोडत होती. तिनं मान वर केली नाही.

खोटं वाटेल, पण सकाळी घरातून निघताना मी खरं सांगायचं ठरवलं होतं. ‘गुरुजींची लिहिताना चूक झाली, दोघींच्या तारखांची अदलाबदल झाली,’ असं म्हणायचं. गुरुजी केव्हाच निवृत्त होऊन आपल्या गावी गेले होते. त्यांना कोण विचारायला जाणार? वाटभर मी ते वाक्य घोळवत गेले.

फाटकाशी फळ्यावर रंगीत खडूंनी लिहिलं होतं. मी बोटानं एक एक अक्षर लावत वाचलं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले जयंती. बालिका दिन. आजचा वाढदिवस: कु. हेमलता. नावाला फुलांची वेल काढली होती. ती कुमुदच्या हातची होती हे मला पाहताक्षणी कळलं. शाळेतली सगळी वेलबुट्टी तीच काढायची.

पटांगणात मांडव. पुढे मुली मांडी घालून बसलेल्या, मागे बाया. माझी सगळी गिऱ्हाईकं. जिला मी ‘हाताला आधी पाणी लाव मग बांगडी माग’ म्हटलं होतं ती, जिच्या सासूला भर दुकानात सुनावलं होतं ती, जिच्या पोरीच्या काळ्या रंगावर बोलले होते ती. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ह्या बायांसमोर मी म्हणू, की माझ्या पोरीची जन्मतारीख मला माहीत नाही? अदलाबदल झाली म्हटलं की पहिला प्रश्न येणार, मग हेमाची खरी कोणती? माझं वाक्य तिथंच विरलं.

इंगवलेबाई पंचाहत्तरीच्या असतील. पांढरं पातळ, हातात काठी, पायात कॅनव्हासचे बूट. भाषण केलंच नाही त्यांनी. खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘सांगा. मला घाई नाही.’

मी तोंड उघडलं. मला वाटलं होतं काहीतरी जुळवून सांगेन. पण तीन जानेवारीला झालेलं एकच बाळंतपण मला ठाऊक होतं. तेच बाहेर आलं.

म्हणाले, ‘थंडी अशी पडली होती की दवाखान्याच्या नळाला हात लावला की बोटं चिकटायची. पहाटेपासून कळा. नर्सबाई म्हणाली, अजून पुष्कळ वेळ आहे, मी चहा घेऊन येते. ती गेली ती गेलीच. खोलीत आम्ही दोघी जावा. बाकी चिटपाखरू नाही.’

बाया हसल्या. मला हुरूप आला. मेला तो हुरूप.

‘आणि तेवढ्यात ढोल. म्हटलं हे काय, लग्नसराई तर नाही पौषात. मी खिडकीतून पाहिलं, तर ह्याच शाळेच्या पोरी, लेझीम घेऊन…’

‘थांबा,’ इंगवलेबाई म्हणाल्या. ‘तुम्ही खाटेवर होतात ना? खिडकीशी कशा गेलात?’

खिडकीशी मी होते. खाटेवर वत्सला होती.

‘बाई,’ मी म्हटलं, ‘तुम्हाला पोर झालेलं नाही, म्हणून विचारता. कळा देणारी बाई पडून राहते होय? येरझारा घालते!’

मांडव हसून फुटला. इंगवलेबाईंचा चेहरा क्षणभर उतरला, मग त्याही हसल्या. ‘बरोबर आहे. मला काय कळणार? पुढे सांगा.’

पुढे मी सावध झाले. खाटेवर मला निजवलं, वत्सलाला खिडकीशी उभं केलं. तिचे शब्द माझ्या तोंडात घातले. ‘मी जावेला विचारलं, आज तारीख कोणती? ती म्हणाली, तीन. मी म्हटलं, मग मुलगीच होणार बघा! आणि अशी कळ येत होती, जीव जातोय असं वाटत होतं, तरी मी हसत होते. जाऊ म्हणे, हसतेस काय, जोर लाव! नर्सबाई यायच्या आधीच पोर जावेच्या हातात आली. निळी पडलेली. रडेना. जावेनं पाठीवर चापटी मारली, पाय धरून उलटी केली, काही नाही. आणि तेवढ्यात खिडकीखाली ढोलवाल्या पोरीनं असा दणका दिला… की ही दचकली. दचकली आणि टाहो फोडला!’

बाया हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. काळोखेबाईंनी नवीन हिरव्या बांगड्यांचा हात तोंडाशी नेला होता. हेमा स्टेजच्या कोपऱ्यात नव्या परकराची निरी चिवडत उभी होती. ती तेवढी ऐकत नव्हती.

मग माझं लक्ष कुमुदकडे गेलं.

दुसऱ्या रांगेत बसली होती. मला वाटलं होतं रडत असेल, नाहीतर रागानं बघत असेल. तसं काही नव्हतं. गुडघ्यांवर हात ठेवून पुढे झुकली होती, तोंड जरासं उघडं, आणि डोळ्यांची पापणी हलत नव्हती. लहान पोरं गोष्ट ऐकायला बसतात तशी. ढोलाला दचकून बाळ रडलं म्हटल्यावर ती एकटीच हसली होती. बाकीच्या हसल्या तशी नाही. आपल्याच घरातली गंमत ऐकल्यासारखी.

‘मग?’ इंगवलेबाई म्हणाल्या. ‘पहिल्यांदा मांडीवर घेतलीत तेव्हा काय म्हणालात?’

तिथे वत्सला काय म्हणाली होती ते मला शब्दन् शब्द ठाऊक होतं.

‘काय म्हणणार?’ मी म्हटलं. ‘पोरगी झाली, बरं झालं, म्हटलं.’

इंगवलेबाई माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग उठल्या आणि हेमाच्या डोक्यावर हात ठेवला. टाळ्या झाल्या. कुमुदनंही वाजवल्या. हेमा रडायला लागली. सगळ्यांना वाटलं आनंदानं.

संध्याकाळी दुकानात आम्ही दोघीच होतो. कुमुद बांगड्या पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, ‘काकू, पुढे काय झालं?’

‘कशाच्या पुढे?’

‘ती पोरगी रडली. मग आईनं घेतली ना मांडीवर? आई काय म्हणाली?’

‘हेमाची आई’ असं म्हणाली नाही ती. ‘तुम्ही काय म्हणालात’ असंही म्हणाली नाही. नुसतं ‘आई’. फडकं हातात तसंच धरून माझ्याकडे बघत होती. आपली तारीख मागत नव्हती, सातारा मागत नव्हती. तेवढं एक वाक्य मागत होती.

‘आई म्हणजे मीच की,’ मी म्हटलं. ‘सांगितलं ना सगळ्यांसमोर? बहिरी झालीस का? काम कर.’

ती काम करायला लागली. परत कधी विचारलं नाही.

जूनमध्ये हेमा साताऱ्याला गेली आणि विसाव्या दिवशी ताप आणून घेऊन परत आली. परत जाईना. मग इंगवलेबाईंचं पत्र आलं. मला पत्रातलं बारीक अक्षर लागेना, हेमा कंटाळा करी, म्हणून कुमुदनंच वाचून दाखवलं. जागा रिकामी आहे. आपल्या गावात त्या तारखेला जन्मलेली दुसरी कोणी मुलगी असल्यास कळवावे, म्हणजे तिला बोलावून घेऊ.

कुमुदनं पत्राची घडी केली आणि थांबली. गल्ल्याशी हे बसले होते. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

‘लिही,’ मी म्हटलं. ‘सप्रेम नमस्कार. त्या तारखेची दुसरी कोणी नाही.’

तिनं पेन टेकवलं, पुन्हा उचललं. ‘कोणीच नाही, काकू?’

‘कोणीच नाही.’

तिनं लिहिलं. अक्षर मोत्यासारखं. खाली माझं नाव घातलं, आणि मी त्यावर अंगठ्याऐवजी सही केली, मला सही येते म्हणून.

पंचवीस वर्षं होत आली. कुमुद सात वर्षं माझ्या दुकानात बसली, मग फलटणला दिली. तिथं तिनं स्वतःचं दुकान घातलं, चांगलं चालतं. हेमा दहावीला दोनदा बसली आणि सोडून दिली. तिचं बरं चाललंय, तिला यातलं काही ठाऊक नाही. गेल्या दिवाळीत हे गेले. तेराव्याला सगळे पांगल्यावर एकटी बसले होते, तेव्हा मनात आलं, ती सकाळ माहीत असलेली आता मी एकटी उरले. मी गेले की वत्सला त्या खाटेवर हसली होती हेसुद्धा जाईल.

मग तीन जानेवारीला मी एसटीत बसले आणि फलटणला गेले.

कुमुद दुपारची जेवून ओटा पुसत होती. तिची मुलगी नववीत, दारात अभ्यास करत बसलेली.

‘काकू? न कळवता? बरं आहे ना सगळं?’

‘आज तुझा वाढदिवस,’ मी म्हटलं.

‘माझा एक जूनला असतो. पोरं केक आणतात.’

‘नाही. आज असतो.’

तिनं फडकं पिळलं, वाळत टाकलं. ‘माहीत आहे,’ म्हणाली.

‘कधीपासून?’

‘तुम्ही स्टेजवर सांगितलंत तेव्हापासून. त्याच्या आधी नुसतं वाटायचं.’

मी पाटावर बसले. ‘मग तेव्हा बोलली का नाहीस? उभी राहून म्हणायचं, ही माझी गोष्ट आहे. काळोखेबाई तुझ्या बाजूनं होत्या. इंगवलेबाईंना तर शंकाच आली होती. तिथल्या तिथं तुला घेऊन गेल्या असत्या. का बोलली नाहीस?’

‘तुम्ही सांगत होता ना,’ कुमुद म्हणाली. ‘मी मधे बोलले असते तर तुम्ही थांबला असता.’

दारातली मुलगी पुस्तकातून मान वर करून आमच्याकडे बघत होती.

‘आता सांगा,’ कुमुद म्हणाली. ‘पुढचं.’

सांगितलं. त्याच्याआधी मी पाणी मागितलं, ते तिनं दिलं, आणि समोर बसली. मी म्हटलं, ‘तू रडलीस. मी तुला लुगड्याच्या पदरात गुंडाळलं आणि तिच्याजवळ दिलं. तिनं तुला एकदा पोटाशी धरलं आणि लगेच परत माझ्या मांडीवर ठेवलं. मी म्हटलं, अगं धर की, तुझी पोर आहे. तर म्हणाली, असू दे अक्का, तुमच्या ओटीत घालते. मला सातवीनंतर शाळेतून काढली. हिला काढू देऊ नका. मी असले नसले तरी.’

‘आणि तुम्ही काय म्हणालात?’

‘हो म्हणाले.’

कुमुद हलली नाही. मुलीनं विचारलं, ‘कोण म्हणालं, आई? कुणाला काढू देऊ नका?’ कुमुदचे हात मांडीवर पडले होते. चाळीस वर्षं हात वाचत आले मी, ते दोन हात मला वाचता येईनात.

मी वाट बघत होते. तिनं बोलावं, शिव्या द्याव्या, रडावं, काहीही. तसं काही झालं नाही. बाहेर कुणीतरी बाई दुकान उघडं आहे का म्हणून हाक मारून गेली.

शेवटी ती उठली. म्हणाली, ‘साडेचारची गाडी मिळेल तुम्हाला.’ आणि मुलीला म्हणाली, ‘जा गं, आजीला स्टँडपर्यंत सोडून ये.’

फलटणला मी आजवर कितीदा गेले असेन. एक रात्र ठेवून घेतल्याशिवाय तिनं मला कधी सोडलं नव्हतं.